एकतीस गुणांचा ड्रायव्हर

"दुसऱ्या संघाने अधिक मान दिल्यास आपण आपला संघ सोडाल काय?" मी प्रश्नावलीतला अठ्ठाविसावा प्रश्न वाचला.

भूपाल ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला पाठ टेकून उकिडवा बसला होता. त्याने तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि प्रश्नाचा नीट विचार केला.

"सोडीन की," तो म्हणाला. "मान कुणाला नको असतोय, बाई?"

"पर्याय चार आहेत. कधीच नाही, बहुधा नाही, बहुधा होय, नक्कीच होय."

"नक्कीच. तितं करा खूण."

मी खूण केली आणि समासात शून्य लिहिले. पुढचा प्रश्न सहकाऱ्याशी असलेल्या संवादाविषयी होता. दररोज, अधूनमधून, क्वचित, गरजेपुरता. भूपालने चारही पर्याय ऐकून घेतले आणि यात आपला पर्यायच नाही, असे सांगितले. त्याचा सहकारी म्हणजे त्याच्या बायकोचा भाऊ पायगोंडा. त्या पायगोंडाशी तो गेली सहा वर्षे एक शब्दही बोललेला नव्हता.

"मग तुम्ही दोघे मिळून काम कसे करता, भूपालदादा?"

"त्यो मागं दावतोय, मी मागं घेतोय. त्यात बोलायचं काय हाय?"

मी 'गरजेपुरता'च्या पुढे स्वतःच्या हाताने 'नाहीच' असा पाचवा पर्याय लिहिला आणि समासात आणखी एक शून्य वाढवले.

या गोष्टीला आता चोवीस वर्षे झाली. मी तेव्हा मानसशास्त्रात एम.फिल. करत होते आणि माझ्या प्रबंधाचा विषय होता 'शर्यतीतील वाहनचालकांचे व्यक्तिमत्त्व, संघनिष्ठा व यश यांचा सहसंबंध'. विषय सरांनी सुचवला होता. त्यांनी दूरदर्शनवर परदेशातल्या मोटारशर्यती पाहिल्या होत्या. तिथले चालक, त्यांचे थंड डोके, आपल्या चमूसाठी जीव टाकण्याची त्यांची वृत्ती, हे सगळे मोजता येईल अशी त्यांची खात्री होती. आमच्या भागात तशा मोटारी नव्हत्या. ट्रॅक्टर मात्र होते, आणि दर वर्षी गळीत हंगामाच्या आरंभी साखर कारखान्याच्या गाडीतळावर, म्हणजे उसाची वाहने जिथे रांगेत थांबतात त्या मोकळ्या मैदानावर, ट्रॅक्टर मागे घेण्याची शर्यत होत असे. सरांना मी हे भीतभीत सांगितले. ते म्हणाले, दिशा कोणतीही असो, निष्ठा ती निष्ठाच.

शर्यत अशी असे. ऊस वाहणारा ट्रॅक्टर, त्याच्यामागे एकीला एक जोडलेल्या दोन रिकाम्या ट्रॉल्या, आणि फक्कीने आखलेला शंभर मीटरचा पट्टा. हे सगळे लटांबर फक्कीच्या रेघेला न शिवता मागे न्यायचे आणि पट्ट्याच्या टोकाला रोवलेल्या दोन बांबूंच्या मधे उभे करायचे. स्टेअरिंग उजवीकडे फिरवले की पहिली ट्रॉली डावीकडे जाते. दुसरी ट्रॉली, पहिलीवर रुसल्यासारखी, उजवीकडे. आपले सगळ्यात मागचे टोक नक्की कुठे आहे हे ड्रायव्हरला कळतच नाही, म्हणून प्रत्येक संघाचा एक माणूस बांबूंपाशी उभा असतो. त्याला आमच्याकडे नुसते 'दावणारा' म्हणतात. इंजिनांच्या आवाजात ओरडून उपयोग नसतो. तो टॉवेलने दावतो. टॉवेल ज्या बाजूला उडेल त्या बाजूला टोक न्यायचे, आणि टॉवेल डोक्यावर धरला की थांबायचे. ड्रायव्हर सबंध वेळ मान मागे वळवून त्या टॉवेलकडे पाहत असतो.

शिरगोंडीच्या संघाचा ट्रॅक्टर माझ्या मामांचा, बाबगोंडा पाटलांचा. भूपाल अकरा वर्षे तो चालवत होता, पायगोंडा अकरा वर्षे दावत होता, आणि त्यांतली शेवटची सहा वर्षे दोघांत अबोला होता. कारण एक म्हैस. पायगोंडाने ती भूपालला देताना आठ लिटर दूध सांगितले होते आणि ती साडेपाचच देत असे. दोघांच्या घरांना एकच भिंत. निरोप भूपालच्या बायकोमार्फत, म्हणजे पायगोंडाच्या बहिणीमार्फत, भिंतीवरून जात. तरीही या जोडीने पाच वेळा चांदीची ढाल आणली होती. जिंकणाऱ्या गावाचा ट्रॅक्टर हंगामातल्या उसाची पहिली मोळी कारखान्याला घालतो, आणि मामांना ढालीपेक्षा त्या पहिल्या मोळीचे अप्रूप अधिक होते.

गेली दोन वर्षे मात्र ढाल शेजारच्या हेरलगीने नेली होती. त्यांतल्या एका वर्षी तर भूपाल शर्यतीच्या मधेच ट्रॅक्टर थांबवून खाली उतरला होता. प्रेक्षकांतल्या कोणी त्याला वळण शिकवले होते आणि त्या गृहस्थाची समजूत घातल्याशिवाय पुढे, म्हणजे मागे, जाणे त्याला शक्य झाले नव्हते. मामा तेव्हापासून अस्वस्थ होते. सातवीला शाळा सुटल्यामुळे छापील कागदावर त्यांची अपार श्रद्धा होती. माझी प्रश्नावली साठ प्रश्नांची होती आणि तिच्यावर विद्यापीठाचा शिक्का होता.

मामांनी त्या वर्षी आणखी एका ड्रायव्हरला चाचणीसाठी बोलावले होते. विद्यासागर उपाध्ये, वय अठ्ठावीस, आय.टी.आय. झालेला, इस्त्रीच्या शर्टातला, अत्यंत सज्जन माणूस. त्याची उत्तरे लिहून घेताना मला मनापासून आनंद झाला. संघ हा कुटुंबासारखा असतो, असे तो म्हणाला. वरिष्ठांची सूचना अंतिम मानतो. राग आल्यास मनातल्या मनात अंक मोजतो. तो कितीपर्यंत मोजतो हेसुद्धा मी नोंदवून घेतले. पन्नास.

विद्यासागरला शंभरापैकी ब्याण्णव गुण पडले. भूपालला एकतीस.

हे आकडे केवळ संशोधनासाठी आहेत, असे मी मामांना सांगायला हवे होते. मी सांगितलेही, पण तोवर त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला होता. संध्याकाळी कट्ट्यावर संघाची माणसे जमली असताना त्यांनी तो मोठ्याने वाचला. भूपालने ऐकून घेतले. मग तो माझ्याकडे वळला.

"कितीला पास असतंय, बाई?"

ही तशी परीक्षा नाही, असे मी म्हणाले.

"पस्तीसला असतंय," मामा म्हणाले.

"चार कमी पडलं की," भूपाल म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने ट्रॅक्टरची किल्ली काढून कट्ट्यावर ठेवली आणि पायगोंडाकडे एकदा पाहिले. पायगोंडा टॉवेल खांद्यावर टाकून झाडाकडे पाहत होता. भूपाल उठून निघून गेला. तिसऱ्या दिवशी कळले, हेरलगीचे सरपंच धनपाल चौगुले स्वतः जीप घेऊन आले आणि त्याला मानाने घेऊन गेले. अठ्ठाविसाव्या प्रश्नाचे उत्तर त्याने खरे करून दाखवले होते. मी ते टिपून ठेवले आणि सरांना तसे पत्रही पाठवले.

त्यानंतरच्या गुरुवारी भूपालची बायको शांताक्का मामींकडे ताक मागायला आली. ताक घेऊन झाल्यावर ती माझ्यासमोर बसली आणि मला निरखून पाहू लागली. मग तिने सांगायला सुरुवात केली. भूपाल रोज पहाटे सायकलवरून हेरलगीला जातो. तिथला दावणारा म्हणजे सरपंचांचा जावई, चांगला शिकलेला आहे, टॉवेलही नवा कोरा आहे. पण भूपालने सरावात वैरणीच्या तीन गंजी पाडल्या. घरी येतो आणि मान धरून बसतो. इकडे पायगोंडा दोन घासांवर उठतो. तिने भावाला विचारले, तू का गेला नाहीस तिकडे? तो म्हणाला, मला बोलावले कुठे? तिने नवऱ्याला विचारले, तुम्ही त्याला का नेले नाही? तो म्हणाला, त्याचे त्याला कळत नाही का?

"अकरा वर्सं एकमेकाचं त्वांड बगत काडली त्येनी," शांताक्का म्हणाली. "घरात बोलत न्हवती, पर दिसभर बगत तरी हुती. आता त्येबी तुमी काडून घेटलासा."

मी तिला समजावून सांगू लागले की निर्णय मामांचा होता. तिने मला मधेच थांबवले.

"ढाल कुटंबी जाऊ दे. शिरगोंडीला न्हाई तर हेरलगीला. मला त्या दोगास्नी एका ट्रॅक्टरवर आणून द्या. तुमच्या कागदानं मोडलंय, तुमच्याच कागदानं जोडा."

साठ प्रश्नांत तसा प्रश्न नव्हता. तरी मी मामांकडे गेले आणि भूपालला परत बोलवावे, गुणांत गफलत झाली असण्याची शक्यता आहे, असे सांगितले. मामांनी प्रेमाने ऐकून घेतले. मग म्हणाले, विद्यापीठाचा शिक्का मारलेल्या कागदात गफलत होत नसते, तुझे मन हळवे आहे, एवढेच. शांताक्काला मी काहीच कळवले नाही. तिच्या वाटेला जाणेच मी टाळू लागले.

विद्यासागरचा सराव मी रोज पाहत होते. पायगोंडा दावेल त्याप्रमाणे तो तंतोतंत ट्रॅक्टर मागे घेई. जरा जास्तच तंतोतंत. एकदा पायगोंडाने घाम पुसायला टॉवेल उचलला तर ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. एकदा त्याने माशी हाकलली तर दोन्ही ट्रॉल्या डावीकडे गेल्या आणि नाल्याच्या काठावर जाऊन उभ्या राहिल्या. 'सूचनापालन: उत्कृष्ट' असे मी लिहिले.

शर्यतीच्या दिवशी गाडीतळ माणसांनी फुलून गेला होता. दोन पट्टे शेजारी शेजारी आखले होते. पहिल्या पट्ट्याच्या उजव्या अंगाला, अगदी लागून, पाहुण्यांचा मांडव होता. मांडवात संचालक मंडळ, ढाल, ध्वनिक्षेपक, पेढ्यांची परात आणि मी. पंच म्हणून कारखान्याचे शेती अधिकारी घोरपडे साहेब होते. त्यांनी शर्यतीचे चौदा नियम स्वतः टंकलिखित केले होते आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवल्याखेरीज ते शिट्टी वाजवत नसत.

दुपारपर्यंत सहा गावे बाद झाली. अंतिम फेरी शिरगोंडी आणि हेरलगी यांच्यात ठरली. पहिल्या पट्ट्यात मामांचा ट्रॅक्टर, त्यावर विद्यासागर, टोकाला पायगोंडा. दुसऱ्या पट्ट्यात हेरलगीचा ट्रॅक्टर, त्यावर भूपाल; टोकाला सरपंचांचे जावई, नव्या टॉवेलानिशी. आधीच्या फेऱ्यांत भूपाल कसाबसा तरला होता, कारण तेव्हा शेजारच्या पट्ट्यात पायगोंडा नव्हता. आता दोघे प्रथमच समोरासमोर आले.

शिट्टी झाली. पहिले वीस मीटर सगळे यथास्थित चालले. मग भूपालची मान हळूहळू फिरू लागली. जावई आपल्या बांबूंपाशी उभे राहून सुरेख टॉवेल उडवत होते, पण भूपालची नजर त्यांच्यावरून घसरत घसरत शेजारच्या पट्ट्याच्या टोकाला गेली आणि तिथेच थांबली. पायगोंडानेही ते पाहिले. त्याच्यासमोर त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर सरळ येत होता. परंतु अकरा वर्षे जे तोंड पाहून त्याने टॉवेल हलवला होता ते तोंड बाजूच्या पट्ट्यातून त्याच्याकडे पाहत होते, आणि त्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली वाकडी चालली होती. पायगोंडाचा हात आपोआप वर गेला. ये, म्हणून त्याने मांडवाच्या बाजूला टॉवेल उडवला. आणखी ये. आणखी.

भूपाल आला. हेरलगीच्या ट्रॉल्यांनी मधली फक्की ओलांडली आणि त्या शिरगोंडीच्या पट्ट्यात शिरल्या.

विद्यासागरही टॉवेलकडेच पाहत होता. वरिष्ठांची सूचना अंतिम. टॉवेल मांडवाकडे उडाला तसा तोही मांडवाकडे वळला. आणखी उडाला, आणखी वळला. त्याच्या चेहऱ्यावर किंचित आश्चर्य होते, पण तो मनातल्या मनात अंक मोजत असावा. संचालक मंडळ शांतपणे पाहत राहिले, कारण शिरगोंडीचा ट्रॅक्टर इतक्या सफाईने त्यांच्याकडे येत होता की तो कार्यक्रमाचाच भाग असावा असे वाटत होते. शेवटच्या क्षणी सगळे उठले. मागची ट्रॉली मांडवाच्या कोपऱ्यातल्या खांबाला अलगद लागली, छताचे कापड तिच्या फळीत अडकले, आणि विद्यासागर जसजसा मागे जात राहिला तसतसे ते सबंध कापड आमच्या डोक्यावरून सरकत त्याच्याबरोबर निघून गेले. आम्ही उन्हात उभे राहिलो. ध्वनिक्षेपकाच्या तारा कापडाबरोबर गेल्या. पेढ्यांची परात तेवढी अध्यक्षांनी उचलून धरली होती.

इकडे भूपालने हेरलगीचा ट्रॅक्टर शिरगोंडीच्या बांबूंच्या मधोमध आणून उभा केला. पायगोंडाने टॉवेल डोक्यावर धरला. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. एवढ्या वेगाने त्या मैदानावर आजवर कोणी मागे आले नव्हते.

घोरपडे साहेबांनी चौदाही नियम पुन्हा वाचले. प्रतिस्पर्ध्याच्या जागेत विक्रमी वेळेत पोहोचणाऱ्यासाठी त्यांत तरतूद नव्हती. त्यांनी दोघांना समोर बोलावले. दोघे एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले.

"सायेब, त्येनं दावलं," भूपाल म्हणाला.

"सायेब, त्येनं बगितलं," पायगोंडा म्हणाला.

साहेबांनी प्रथम एकाला, मग दुसऱ्याला, मग पुन्हा पहिल्याला विचारले. याहून अधिक कोणाकडूनही निघाले नाही. मामा आणि सरपंच यांचे मात्र बरेच निघाले. मामांचे म्हणणे, बांबू आमचे, दावणारा आमचा, तेव्हा ढाल आमची. सरपंचांचे म्हणणे, ट्रॅक्टर आमचा. अखेर साहेबांनी पेन काढून पंधरावा नियम लिहिला: कोणत्याही चालकाने प्रतिस्पर्धी संघाच्या दावणाऱ्याकडे पाहू नये. फेरी पुन्हा घ्यायची. नजरेवर लक्ष ठेवणे कठीण, म्हणून मांडवाचे निघून गेलेले कापड ट्रॉलीतून सोडवून आणले, आणि दोन पट्ट्यांच्या मधे, फक्कीच्या रेघेवर, बांबू रोवून ते पडद्यासारखे ताणून बांधले.

याच वेळी मामांनी भूपालला बाजूला घेतले. मी जवळच होते. झाले गेले विसर, म्हणाले, आपल्या ट्रॅक्टरवर बस, गुणांचे मी बघून घेतो. भूपाल खूप वेळ मामांच्या ट्रॅक्टरकडे पाहत राहिला. शांताक्का बायकांच्या घोळक्यातून हे पाहत होती. तो हो म्हणाला असता तर सगळेच मिटले असते.

"सरपंच जीप घिऊन आल्ते," भूपाल म्हणाला. "आजच्या दिवसाचा सबूद दिलाय. आज त्येंचाच."

मामांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. माझ्या पिशवीतल्या कागदावर या माणसाच्या संघनिष्ठेपुढे शून्य लिहिलेले होते.

पुन्हा शिट्टी झाली, आणि काहीच झाले नाही.

पडद्याच्या अलीकडे भूपाल इंजिन चालू ठेवून, मान वळवून कापडाकडे पाहत बसला होता. पलीकडे पायगोंडा टॉवेल हातात धरून त्याच कापडाकडे पाहत उभा होता. आणि विद्यासागर, टॉवेल हलत नसल्यामुळे, अत्यंत शिस्तीने थांबला होता. दोन ट्रॅक्टर जागच्या जागी धूर सोडत राहिले. एक मिनिट गेले, दोन गेली, पाच गेली. जावयांचा टॉवेल तेवढा उडत होता. लोक आधी हसले, मग कुजबुजू लागले. घोरपडे साहेब घड्याळाला कान लावून पाहू लागले. किमान वेगाचाही नियम नव्हता.

मग पायगोंडाने टॉवेल खांद्यावर टाकला, वाकला, आणि कापडाखालून हेरलगीच्या पट्ट्यात गेला. मामांनी त्याला हाक मारली. त्याने ऐकली नाही. जावयांनी त्याला येताना पाहिले आणि ते, खरे तर सुटकेच्या भावनेने, बाजूला झाले. साहेबांनी मोजले: एक दावणारा गेला, एक आला. नियमाप्रमाणे बरोबर होते.

पायगोंडाने हेरलगीच्या बांबूंपाशी उभे राहून टॉवेल वर केला. आता ट्रॅक्टर निघेल असे सगळ्यांना वाटले. भूपालने त्याच्याकडे पाहिले, हात खाली नेला आणि इंजिन बंद केले.

"आता सुचलं व्हय यायाला?" भूपाल म्हणाला.

सहा वर्षांतले ते पहिले वाक्य. पायगोंडाचा टॉवेल खाली आला.

"तू बोलावलास व्हय?"

"बोलवाय पायजे तुला?"

"मग? किल्ली ठिवलास आन् गेलास. मागं वळून बगितलास?"

"बगितलो की. तू झाड बगालतास."

पलीकडे विद्यासागरपुढे आता कोणीच नव्हते. बांबूंपाशी जागा रिकामी होती. त्याने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, मामांकडे पाहिले. मामा कापडाकडे पाहत होते. तेव्हा त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या, इंजिनाला थोडी गती दिली आणि ट्रॅक्टर मागे घेऊ लागला. मी त्याला प्रथमच स्वतःच्या डोळ्यांनी पाहताना पाहिले. सीटवरून अर्धा उठून तो एकदा या बाजूने पाही, एकदा त्या बाजूने. दर दहा पावलांवर थांबे, खाली उतरून मागच्या चाकापर्यंत चालत जाई, रेघेचे अंतर वितीने मोजे आणि पुन्हा वर चढे. गोगलगाईनेही त्याला मागे टाकले असते, पण फक्की त्याने एकदाही पुसली नाही.

भूपालने मधेच ट्रॅक्टर चालू केला होता. पायगोंडा दावत होता, तो घेत होता, आणि ट्रॉल्या दोरीवरून चालल्यासारख्या सरळ येत होत्या. परंतु दर वीस फुटांवर त्याला काहीतरी आठवे. मग तो इंजिन बंद करी, ते बोलून घेई, पायगोंडाचे उत्तर ऐकून घेई आणि पुन्हा निघे. सरपंच कडेने धावत त्याला हात जोडत होते. शांताक्का त्यांच्यामागून धावत होती. पदराने तिने तोंड झाकून घेतले होते आणि ती रडत होती की हसत होती हे सांगणे कठीण होते.

विद्यासागर नऊ सेकंदांनी जिंकला. कोणी दावत नव्हते, म्हणून बघावे लागले, असे तो खाली उतरल्यावर मला म्हणाला. हे सांगताना तो थोडा शरमला होता.

मामांनी ढाल डोक्यावर घेतली. मग त्यांनी मला पुढे ओढले. ढाल विद्यापीठाच्या कागदाने आणली, असे ते प्रत्येकाला सांगत होते. पोरीने शंभरातून ब्याण्णव गुणांचा माणूस निवडून दिला आणि बघा, दावणारा पळून गेला तरी जिंकला. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितले.

मी ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिले. खरे तेच बोलायचे, असे मी ठरवले. माझी चाचणी चुकली, असे मी म्हणाले. मी विचारले त्याची उत्तरे मला मिळाली, पण विचारायचे होते ते मला ठाऊकच नव्हते. भूपालदादांना मी एकतीस गुण दिले. ते देण्याचा मला अधिकार नव्हता. यापेक्षाही अधिक बोलले असेन. ध्वनिक्षेपकाच्या तारा मांडवाबरोबरच तुटल्या होत्या हे माझ्या ध्यानात आले नव्हते. हलगी आधीच सुरू झाली होती. माझे ओठ हलायचे थांबले तेव्हा सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या, आणि मामांनी डोळे पुसले.

पुढे त्या प्रबंधाला प्रथम श्रेणी मिळाली. सरांनी हा निकाल दोन परिसंवादांत उदाहरण म्हणून सांगितला. मी तो प्रबंध पुन्हा उघडलेला नाही.

त्या दिवशी मात्र मी शाल आणि नारळ तसाच घेऊन मैदान ओलांडले. हेरलगीचा ट्रॅक्टर आपल्या बांबूंच्या मधे उभा होता. भूपाल सीटवरच होता, पायगोंडा खाली मडगार्डला हात लावून उभा होता. दोघेही एकाच वेळी बोलत होते. सरपंच उद्यापासून दोघांनाही कामावर या म्हणून सांगत होते आणि त्यांच्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. शांताक्का चाकाजवळ खाली बसली होती. तिने मला पाहिले आणि शेजारची जागा हाताने झाडली.

"भूपालदादा," मी म्हणाले, "मला तुमची माफी मागायची आहे."

त्याने तळहात दाखवून मला थांबवले.

"जरा दम धरा, बाई," तो म्हणाला. "सहा वर्सांचं हाय. हे सपू द्या."

मी शांताक्काशेजारी बसले. तिकडे मामा ढाल घेऊन मोळी आणायला निघाले, हलगी कारखान्याच्या फाटकापर्यंत गेली, पहिली मोळी पडल्याची तोफही झाली, तरी ते दोघे अजून तिसऱ्या वर्षापर्यंतच आले होते.